पुणे ३७

१
मार्केट यार्ड, गुलटेकडी, पुणे ४११०३७. गाळ्यांच्या पाट्या, बिलबुके, पोत्यांवरचे शिक्के, टेम्पोच्या दारावरची रंगवलेली अक्षरे, सगळीकडे हा आकडा. काही पाट्यांवर नुसतेच ‘पुणे ३७’. बिबवेवाडी आणि सॅलिसबरी पार्कही याच आकड्यात राहतात. जागेचे भाव वेगळे.

२
आकडा शाळेच्या पद्धतीने फोडून पाहिला. शेवटी ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १६, म्हणून ३ बाद. ७ ने भागले तर ४ उरतात. मग ११. एक सोडून एक अंक घ्यायचे : ७ + ० + १ = ८. राहिलेले : ३ + १ + ४ = ८. फरक शून्य. भाग गेला, ३७३६७ आले. त्यालाही ११ ने भाग जातो, ३३९७ येतात. पुढे ११ चालत नाही. बराच वेळ काही चालत नाही. ४३ ला चालते.

४११०३७ = ११ × ११ × ४३ × ७९.

३
४३ + ७९ = १२२. ११ × ११ = १२१. एकाने हुकले.

४
एकाच बाजारातले भाव : फळभाजी दहा किलोला. पालेभाजी शेकडा जुड्यांना. लिंबू गोणीला. हापूस पेटीला. गूळ आणि धान्य क्विंटलला. पेपरात हे सगळे एकाच रकान्यात, एकाखाली एक छापतात आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

५
पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. केंद्रीय दळणवळण खात्यात ते अतिरिक्त सचिव होते. पहिला अंक विभागाचा (४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड), दुसरा उपविभागाचा, तिसऱ्याने टपालाची छाननी कुठे व्हायची ते ठरते, शेवटचे तीन अंक पोस्ट ऑफिसचे. ९ ने सुरू होणारे लष्कराला. शून्याने सुरू होणारा पिनकोड नाही.

६
दोन पिनकोडांच्या बेरजेला पोस्टात काही अर्थ नाही.

७
दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. शिक्षण ठाण्याला आणि नंतर पुण्यात, फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक. १९२९ साली बी.एस्सी. पुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. सुट्टीत अंक घेऊन बसायचे, निघेल ते स्वतःच्या खर्चाने पुस्तिकांतून छापायचे. विद्यापीठांतल्या बऱ्याच जणांना हे काम पोरखेळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि जगाला नाव कळले. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते.

आज कोणत्याही देशातल्या अंकगमतींच्या पुस्तकात ६१७४ असतो. त्याखाली कापरेकरांचे नाव असते. देवळालीचे नसते.

८
स्वयंभू संख्या, ही कापरेकरांची कल्पना. कोणतीही संख्या घ्यायची, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. २१ मध्ये ३ मिळवले की २४. म्हणजे २४ ची जनक २१. बहुतेक संख्यांना असा कोणीतरी जनक निघतो. काहींना निघत नाही. त्या स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, मग एकदम २०, ३१, ४२, ५३. इंग्रजीत त्यांना देवळालीच्या नावानेही ओळखतात.

४११०३७ चा जनक शोधायला बसलो. ४११०२४ मध्ये १२ मिळवले की ४११०३६. ४११०२५ मध्ये १३ मिळवले की ४११०३८. ४११०१९ घेतला तर ४११०३५. मागे ४१०९९९ पर्यंत गेलो तर ४११०३१. त्याच्याही मागे तपासून झाले. सदतिसावर कोणीच येऊन पडत नाही.

मार्केट यार्ड स्वयंभू आहे.

९
मार्केट यार्ड स्वयंभू नाही. धान्याचा घाऊक व्यापार नाना पेठ-भवानी पेठेतून इथे हलवला, भाजीचा महात्मा फुले मंडईतून. मंडईचा पिनकोड ४११००२. त्याला जनक आहे : ४१०९८० मध्ये २२ मिळवा.

१०
मंडईची इमारत १८८६ ची. पहिले नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. त्या बांधकामावर पैसा घालायला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. आता मंडईला नाव त्यांचे.

११
सदाशिव पेठ, ४११०३०. स्वयंभू नाही. ४११०२१ मध्ये अंकांची बेरीज ९ मिळवली की सदाशिव पेठ येते. ४११०२१ म्हणजे बावधन. दुसरा जनक शोधून पाहिला, नाही.

१२
भुसार बाजारातल्या एका मुनिमांची युक्ती. दोन वह्यांची बेरीज जुळत नसली की आधी फरक काढायचा. फरकाला ९ ने भाग गेला तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालेली असण्याचा संभव मोठा : ७३ चे ३७, ५४० चे ४५०. मग सगळी वही चाळायची नाही, फक्त तेवढेच बघत जायचे. “संगणक आला तरी हेच. टाइप करणाऱ्या पोराचं बोट तसंच घसरतं.”

१३
कापरेकरांची प्रसिद्ध क्रिया : अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, उत्तराला पुन्हा तेच. चार अंकी संख्या (सगळे अंक सारखे नसलेली) जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ वर येऊन थांबते.

सहा अंकांचे तसे नाही. ४११०३७ :
७४३११० − ०११३४७ = ७३१७६३
७७६३३१ − १३३६७७ = ६४२६५४
६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६
पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२ आणि पुन्हा ६४२६५४. सात संख्यांचा फेरा. दुसऱ्याच पावलाला आत शिरला, आता बाहेर पडणे नाही.

१४
शनिवारी भाजीबाजार बंद, म्हणून रविवारी सगळा लोंढा. शिवनेरी रस्त्याने आत शिरलेला छोटा टेम्पो तिसऱ्यांदा त्याच पानटपरीसमोर आला. ड्रायव्हर टपरीवाल्याला : “आता ओळख झाली, तंबाखू तरी द्या.”

१५
वरच्या फेऱ्यातल्या प्रत्येक संख्येला ९ ने भाग जातो. ६१७४ लाही.

१६
हर्षद संख्या, हेही कापरेकरांनी ठेवलेले नाव. जिला आपल्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती. हर्ष देणारी. १२ हर्षद (१२ ÷ ३), १८ हर्षद (१८ ÷ ९).

मार्केट यार्डाची बेरीज १६. संख्या विषम, बेरीज सम, म्हणजे प्रश्नच मिटला.

खडकी ४११००३ : हर्षद. कोंढवा ४११०४८ : बेरीज १८, १८ × २२८३६, हर्षद. डेक्कन जिमखाना ४११००४ : नाही. कॅम्प ४११००१ : नाही. हडपसर ४११०२८ : नाही.

सदाशिव पेठ ४११०३० : बेरीज ९, ९ × ४५६७०. हर्षद.

हे मी पुन्हा तपासले.

१७
गणितज्ञ रामानुजनच्या गोष्टीतली टॅक्सी, १७२९. बेरीज १९. १९ × ९१ = १७२९. ती टॅक्सीही हर्षद.

१८
गणितज्ञांनी केलेल्या वर्गवाऱ्यांत ४११०३७ कुठे बसतो ते काढले.

न्यून : स्वतःला सोडून बाकी सगळे विभाजक मिळवायचे. १, ११, ४३, ७९, १२१, ४७३, ८६९, ३३९७, ५२०३, ९५५९, ३७३६७. बेरीज ५७,१२३. संख्येहून कमी भरली की न्यून. इथे सातवा हिस्सासुद्धा भरला नाही.

दुःखी : प्रत्येक अंकाचा वर्ग करून मिळवायचे, उत्तराला पुन्हा तेच. शेवटी १ आला तर संख्या सुखी. इथे ७६, ८५, ८९, १४५, ४२, २०, ४, १६, ३७, ५८ आणि परत ८९. एक येतच नाही. वाटेत ३७ मात्र भेटतो.

दुष्ट : संख्या शून्य आणि एक एवढ्याच अंकांत लिहायची. त्यात एक हा अंक सम वेळा आला तर ती दुष्ट. इथे दहा वेळा येतो.

न्यून, दुःखी, दुष्ट, स्वयंभू. चारही सिद्ध करून दाखवता येतात.

१९
खळ्यावर धान्य मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही. ‘लाभ’ म्हणतो, मग ‘दोन’, मग ‘तीन’.

गणितात १ मूळ संख्या नाही, संयुक्तही नाही.

२०
बारा पायलीचा मण आणि वीस मणांची खंडी धरली तर ४११०३७ पायली म्हणजे १७१२ खंडी, १३ मण, १ पायली. ती एक पायली कोणी घ्यायची यावर जुन्या काळी गावजेवण झाले असते किंवा मारामारी.

२१
आता पोते ५० किलोचे. ४११०३७ किलो माल आला तर ८२२० पोती भरतात आणि ३७ किलो उरतो.

पोते पूर्वी १०० किलोचे असायचे. त्याचे ५० व्हावे म्हणून बाबा आढावांची हमाल पंचायत वर्षानुवर्षे भांडली. माथाडी कायदा १९६९ चा, तरीही भांडावे लागले. दोनने भागण्याइतके सोपे गणित नसेल. आज आठ हजार दोनशे वीस वेळा पाठीवर ५० येतात, पूर्वी चार हजार एकशे दहा वेळा १०० आले असते. एकूण वजन तेवढेच, मणका मात्र एकूण मोजत नाही.

२२
इलेक्ट्रॉनिक काट्यावर पोते ठेवले की लाल आकडे क्षणभर नाचतात. ५०.४, ४९.८, ५०.२. तोलणारा ते स्थिरावण्याआधीच आकडा पुकारतो. मुनीम मान वर न करता लिहितो. दोघांनी वाट पाहिली असती तरी तोच आकडा आला असता. मी पाहिली, येतो.

२३
पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. औट सत्ते साडेचोवीस. एक म्हातारे आडते अजून मनात म्हणतात आणि ओठ हलतात. नातू कॅल्क्युलेटरवर. दोघे साधारण एकदमच थांबतात, नातू पुन्हा एकदा करून बघतो.

२४
४११०३७ हून लहान अशा किती संख्या आहेत, ज्यांचा तिच्याशी १ सोडून एकही सामाईक विभाजक नाही? शाळेच्या भाषेत, तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या किती? मोजत बसावे लागत नाही, ऑयलरने १८ व्या शतकात रीत सांगून ठेवली आहे. ११ × (११ − १) × (४३ − १) × (७९ − १) = ११० × ४२ × ७८.

उत्तर ३६०३६०.

आणि ३६०३६० हा १ ते १५ या सगळ्या संख्यांचा लसावि आहे. एकापासून पंधरापर्यंत प्रत्येकाने भाग जाणारी सर्वांत लहान संख्या. हे मी मुद्दाम शोधायला गेलो नव्हतो. कारण विचाराल तर ११०, ४२ आणि ७८ यांच्यात मिळून २ तीनदा, ३ दोनदा आणि ५, ७, ११, १३ एकेकदा येतात, ना एक जास्त ना एक कमी. हे कारण झाले का, ते ज्याने त्याने ठरवावे.

२५
चार लाख अकरा हजार सदतीस रुपये समसमान वाटायचे. दोन भावांत जात नाहीत. तिघांत नाही, चौघांत नाही, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, नाही. अकरा भागीदार असतील तर जातात. प्रत्येकी ३७,३६७.

तीन लाख साठ हजार तीनशे साठ कितीही भावांत वाटा, पंधरापर्यंत तक्रार नाही.

२६
३६०३६० = ३६० × १००१. आहेराचे आकडे : ११, २१, ५१, १०१, ५०१, १००१. यांतल्या मूळ संख्या दोनच, ११ आणि १०१. बाकी सगळे विभागून देता येतात, पण पाकीट एकच असते.

२७
गाळ्यातले यंत्र दर थोड्या वेळाने रक्कम मिळाल्याचे बाईच्या आवाजात सांगते. शेजारच्या गाळ्यातलेही सांगते. बाजारात पूर्वी कोणाला किती मिळाले हे कोणी सांगत नसे.

२८
रुमालाखालचा सौदा. दोघांनी हात रुमालाखाली घालायचे, बोटे धरायची, भाव ठरवायचा, बाहेरच्याला काही कळू द्यायचे नाही. बोटे फक्त पहिला अंक सांगतात. पुढे शेकडे की हजार, हे दोघांनी मालाकडे बघून समजून घ्यायचे. शून्य दाखवायला बोट नाही. बाजार समितीचा नियम उघड लिलावाचा.

२९
वेलणकर संस्कृतचे कवी होते. सरळ वाचले तर रामाची स्तुती, उलटे वाचले तर कृष्णाची, असे विलोमकाव्य त्यांनी रचले.

४११०३७ उलटा लिहिला तर ७३०११४. ७३०११४ = १२१ × ६०३४. सरळ वाचा, उलटा वाचा, १२१ ने भाग जातोच.

आणि :
४११०३७ + ७३०११४ = ११४११५१
११४११५१ + १५११४११ = २६५२५६२
दोन पावलांत दोन्हीकडून सारखी वाचता येणारी संख्या मिळाली. सगळ्यांचे असे होत नाही. १९६ घेऊन लोकांनी संगणकावर करोडो पावले टाकली, अजून दोन्हीकडून सारखी संख्या आलेली नाही. येणारच नाही, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

३०
जुन्या संस्कृत ग्रंथांत अंक शब्दांनी लिहीत आणि उजवीकडून डावीकडे वाचत. सात म्हणजे मुनी, तीन म्हणजे राम, शून्य व्योम, एक भू किंवा चंद्र, चार वेद. त्या हिशेबाने मार्केट यार्ड : मुनि-राम-व्योम-भू-चंद्र-वेद. पाकिटावर असे लिहून टाकले तर पत्र पोचेल का, हे वेलणकरांना विचारायला हवे होते. ते १९९९ साली गेले.

३१
मोसंबीची रास. खाली त्रिकोणी थर, त्यावर प्रत्येक फळ खालच्या तिघांच्या खाचेत, असे वर एका मोसंबीपर्यंत. केप्लरने १६११ साली म्हटले की गोळे याहून दाट रचता येणारच नाहीत. सिद्धता टॉमस हेल्सने १९९८ साली दिली. तपासणाऱ्या पंचांनी वर्षानुवर्षे वाचून आपली ९९ टक्के खात्री झाल्याचे कळवले. मग हेल्सने ती संगणकाकडून ओळ न् ओळ तपासून घेतली, ते २०१४ ला संपले. रास रचणाऱ्या पोराला विचारले, असेच का रचतोस? “दुसरं कसं रचणार?”

३२
४११०३७ मोसंब्यांची तशी रास : १३४ थर, तळाच्या थरात ९०४५, एकूण ४,१०,०४० लागतील. ९९७ उरतील. ९९७ ही तीन अंकी मूळ संख्यांतली सर्वांत मोठी. उरलेल्यांचे ढीग एकेकाचेच लावता येतील, नाहीतर सगळ्यांचा मिळून एक.

३३
मोसंबी जमिनीवर चौरसात मांडली तर ६४१ गुणिले ६४१, आणि १५६ शिल्लक. दोन चौरसांत सगळी बसवू म्हटले तर बसतच नाहीत. ४३ आणि ७९ दोघांनाही ४ ने भागले की ३ उरतात, असे विभाजक एकेकदाच आले की दोन वर्गांची बेरीज होत नाही, हा नियम. तीन चौरसांत बसतात : ६३४, ८४ आणि ४५ बाजूंचे. चौथ्या चौरसाची जागा मागायची गरज नाही. तशी मिळालीही नसती.

३४
पुण्याच्या ४११००१ ते ४१११०० या शंभरांत ११ ने भाग जाणारे बरेच आहेत. फर्ग्युसनचा, म्हणजे डेक्कनचा ४११००४ आहे. कोंढव्याचा आहे. १२१ ने भाग जाणारा एकटा मार्केट यार्डाचा.

३५
१२१ ही डेम्लो संख्या. १, १२१, १२३२१, १२३४३२१, म्हणजे १, ११, १११, ११११ यांचे वर्ग. नाव कापरेकरांनी ठेवले, रेल्वे स्टेशनावरून. गाडी बदलताना ही कल्पना त्यांना सुचली. ते स्टेशन म्हणजे आजचे डोंबिवली.

डोंबिवली पूर्वचा पिनकोड ४२१२०१. त्याला १२१ ने भाग जातो. भागाकार ३४८१. ३४८१ म्हणजे ५९ × ५९. म्हणजे ४२१२०१ = ६४९ × ६४९. पूर्ण वर्ग.

कापरेकर १९२७ साली पुण्यात शिकत होते, पिनकोड १९७२ चा. पोस्टाने वर्गमुळे काढून आकडे वाटले नाहीत. डोंबिवलीकरांना हे सांगितले. त्यांनी गाडीच्या वेळा सांगितल्या.

३६
देवळाली कॅम्प, ४२२४०१. मास्तरांनी जिथे बत्तीस वर्षे शिकवले ते गाव. स्वयंभू आहे का पाहिले. ४२२३८१ मध्ये बेरीज २० मिळवली की ४२२४०१ येतो.

देवळाली ही देवळाली संख्या नाही.

३७
या टिपणात काही नाही.

३८
कोथरूड, ४११०३८. जनक ४११०२५, म्हणजे खडकवासल्याकडचे गिरिनगर. २ ने भाग जातो, २०५५१९ येतात. ते ३ ने, ५ ने, ७ ने, ११ ने फुटत नाहीत. पुढचे कोथरूडकरांनी बघावे.